मातृभाषाच चिनी असेल तर हायस्कूलमध्ये 'चिनी' हा विषय कशाला? आणि त्याला क्लास लावावा लागतो म्हणजे काय?

बोलता येतं म्हणजे पेपर सोपा, हे मराठीच्या बाबतीतही खरं नाही. चिनीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

नवऱ्याच्या टाइल्सच्या धंद्यामुळे आम्ही काही वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौला होतो. घरमालकीणबाईंचा मुलगा तेव्हा 'गाओ-अर'ला, म्हणजे आपल्या अकरावीला होता. मी त्याचं इंग्रजी बघायचे, तो माझं चिनी. त्यामुळे त्याची पुस्तकं, गाइडं, चाचण्यांचे पेपर सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असायचं. पोरगा गणितात हुशार. 150 पैकी 130 सहज काढायचा. स्वतःच्या भाषेत मात्र 110 ओलांडताना त्याला घाम फुटायचा, आणि वर्गातल्या बऱ्याच जणांची हीच रड होती.

या विषयाला 'यूवेन' म्हणतात. गाओकाओ ही त्यांची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा. 7 जूनला सकाळी 9 वाजता तिची सुरुवात याच पेपरने होते. अडीच तास आणि 150 गुण. एकूण 750 गुणांची परीक्षा, त्यात गणिताला जेवढं वजन तेवढंच याला. ऑप्शनला टाकायची सोय नाही.

खरा घाट म्हणजे 'वेनयेनवेन', अभिजात चिनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गंभीर लेखन बहुतेक याच भाषेत व्हायचं आणि घरी ती कोणीच बोलत नाही. आपण दहावीला ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या टिपांच्या आधाराने वाचतो. ज्ञानेश्वरी 1290 ची. या मुलांना इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला विचारवंत श्युन्झी वाचायचा असतो, तोही शब्दाशब्दाचा अर्थ लावत. फसगत अशी की अक्षरं ओळखीची असतात. ज्या अक्षराचा आजचा अर्थ 'चालणं', त्याचा तेव्हाचा अर्थ 'पळणं'. आजची 'बायको' जुन्या मजकुरात 'बायका-मुलं' निघते. अनोळखी शब्द असता तर माणूस थांबला तरी असता. इथे मुलं बिनधास्त पुढे जातात आणि आपटतात.

मुलांमध्ये एक म्हण फिरते: पहिली भीती वेनयेनवेनची, दुसरी निबंधाची, तिसरी झौ शूरेनची. झौ शूरेन म्हणजे लू शुन, हे त्यांचं खरं नाव. म्हणीत ते यमकासाठी आलंय. आधुनिक चिनी कथेची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात त्या लेखकाचा मुलांनी असा धसका घ्यावा, याचं श्रेय मी शिकवण्याच्या पद्धतीला देईन.

पाठांतर भरपूर. 2017 च्या अभ्यासक्रमात हायस्कूलसाठी पाठांतराच्या 72 जुन्या रचना दिल्या आहेत. त्यावर पेपरात 'मोश्ये' असतं, म्हणजे आठवून ओळ लिहायची. गुण सहाच. पण एक अक्षर चुकलं की ती पूर्ण जागा गेली. दू फू या जुन्या कवीची एक प्रसिद्ध ओळ आहे, झाडांची पानं सळसळत गळताहेत अशा अर्थाची. त्या 'सळसळ'ला शब्द आहे 'शियाओ-शियाओ', आणि त्या अक्षराच्या डोक्यावर गवताची खूण हवी. या पठ्ठ्याने बांबूची खूण काढली. उच्चार तोच, अर्थ मात्र बासरी. ओळ घडाघडा म्हणून दाखवली तरी कागदावर शून्य. शिवाय हल्ली नुसती गाळलेली जागा भरायची नसते. प्रसंग देतात आणि 'इथे कोणती ओळ शोभेल' विचारतात. अर्थ न कळता घोकणारे तिथे उघडे पडतात. मला हा बदल आवडला.

उताऱ्यावरचे प्रश्न मात्र मला अजून पटलेले नाहीत. 2017 मध्ये झच्यांग प्रांताच्या पेपरात एका कथेच्या शेवटी मेलेल्या माशाच्या डोळ्यांत एक विचित्र चमक होती. त्या शेवटावर प्रश्न आला. परीक्षा संपल्यावर मुलं लेखकाच्याच वेइबोवर (चिनी सोशल मीडियावर) जाऊन धडकली, की बाबा रे, तुला म्हणायचं काय होतं? देशभर हसू झालं. बाकी मुलं मग साचे पाठ करतात: रचनेच्या दृष्टीने काय, आशयाच्या दृष्टीने काय, वाचकावर परिणाम काय. क्लासवाले मुख्यतः हेच साचे विकतात.

निबंध 60 गुणांचा, किमान 800 अक्षरांचा, चौकटींच्या कागदावर. एका चौकटीत एक अक्षर, त्यामुळे पानं भरवायला अक्षर मोठं काढायची आपली युक्ती तिथे चालत नाही.

ग्वांगझौमध्ये आणखी एक गंमत. त्या घरात सगळे कॅन्टनीज, म्हणजे तिथली स्थानिक बोली बोलायचे, शाळेत मात्र प्रमाण चिनी. म्हणजे 'मातृभाषा' हा शब्दसुद्धा तिथे जरा सैलच लागू पडतो. उलट थांग काळातल्या कवितांची कितीतरी यमकं आजच्या प्रमाण उच्चारात बिघडतात आणि कॅन्टनीजमध्ये नीट जुळतात. आजी नातवाच्या पुस्तकातली कविता कॅन्टनीजमध्ये म्हणायची आणि वर त्यालाच ऐकवायची, की तुमच्या मास्तरांना हे येत नाही. त्याचा आवडता कवी सू शी, कारण तो हद्दपार होऊन याच प्रांतात आला होता आणि रोज तीनशे लिची खायला मिळाल्या तर कायमचा इथला व्हायला तयार, असं लिहून गेला. अभ्यासक्रमातलं त्याचं 'लाल कड्या'वरचं गद्य या पोराने एकदाही न कुरकुरता पाठ केलं.

आता क्लासचं. मोश्येचे सहा गुण घरी बसून मिळवता येतात, त्यासाठी पैसे घालवू नयेत. वेनयेनवेनला कोणी सोबत बसून वाचून घेणारं असेल तर निश्चित फरक पडतो. त्या मुलासाठी गाओ-सानला, म्हणजे बारावीला, त्याच्या आईने एक निवृत्त शिक्षिका शोधल्या. त्या साचे शिकवत नसत. रविवारी दोन पानं घ्यायच्या आणि प्रत्येक अक्षराला 'इथे याचा अर्थ काय?' एवढंच विचारायच्या. पहिले काही आठवडे तो वैतागून घरी यायचा.