देवावर विश्वास असूनही रात्री झोप लागत नसेल तर श्रद्धा कमी पडते का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, घराचं कर्ज डोक्यावर आहे, रोज जप करता आणि तरी रात्री दोन-अडीचला टक्क जाग येते. श्रद्धा कमी पडत नाही. आधीच पोळलेल्या माणसाला "तुझाच विश्वास कच्चा" असं ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून लिहायला बसलो.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. माझे दोन टिपर, म्हणजे माल ओतायचे ट्रक, होते. पाळी-वेळग्याच्या खाणींवरून लोहखनिजाची माती उचलायची, मांडवीच्या जेटीवर ओतायची, की पुन्हा वर. दुसरा टिपर २०११ साली कर्जावर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि दोन्ही गाड्या फणसाखाली उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. हप्ता मात्र दर महिन्याच्या सात तारखेला दारात.

झोप तेव्हाच उडाली. रात्री उठून मी टिपरच्या केबिनमध्ये जाऊन बसायचो, दिवा न लावता. डॅशबोर्डच्या फटींत तांबडी माती घट्ट बसलेली असायची, ती नखाने कोरत राहायचो. महिनाभर फेणी घेऊन झोपून पाहिलं. फेणीने डोळा लागतो, पण दोन-तीनच्या सुमारास उतरते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. ते करू नका. जप मीही करत होतो. हातात माळ आणि डोक्यात व्याज. बायको कूस वळवून विचारायची, "न्हिदूंक ना?", झोपला नाहीस? मी म्हणायचो, उकडतंय. डिसेंबर उजाडला तरी हेच सांगत होतो.

तिला वाटत होतं देणं नऊ लाख आहे. होतं साडेसोळा. दुसऱ्या टिपरसाठी बाहेरून व्याजाने उचललेले पैसे मी घरात कुणाच्याच कानावर घातले नव्हते.

जानेवारीत तिनेच हट्ट धरला, आपल्या ग्रामदेवाकडे, रवळनाथाकडे, गाऱ्हाणं घालूया. नारळ आणि फुलं घेऊन गेलो. पुजारीकाकांनी नारळ पुढ्यात ठेवला आणि विचारलं, देवाला काय सांगायचं? मी म्हटलं, थोडं कर्ज झालंय. ते म्हणाले, "थोडं म्हणजे किती? देवाला मोघम सांगू नये. आकडा सांग." बायको शेजारी हात जोडून उभी. त्या गाभाऱ्यासमोर खोटा आकडा तोंडातून निघेना. साडेसोळा लाख, मी म्हटलं. तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या, तेवढंच. काकांनी तोच आकडा उच्चारून गाऱ्हाणं घातलं, लेकराला वाट दाखव, राखण कर म्हणाले, आणि आम्ही दोघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. जेवणं झाल्यावर तिने मुलाची जुनी वही काढली. कुणाचे किती, कधीपर्यंत, सगळं तिच्या अक्षरात. त्या रात्री मी सलग सहा तास झोपलो. देणं एक रुपयानेही कमी झालेलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ पणजीला असतो. दर चवथीला, गणपतीत, घरी आला की हा विषय काढतो. म्हणतो, "तू बायकोला खरं सांगितलंस म्हणून झोप लागली, देवाचा काय संबंध? स्वयंपाकघरात सांगितलं असतंस तरी चाललं असतं." मी इतकी वर्षं त्याला एकच विचारतोय, दादा, स्वयंपाकघर ते चार महिने तिथेच होतं ना? मग का नाही सांगितलं मी? माणसांशी खोटं बोलणं मला जमत होतं. त्या एका जागी नाही जमलं. त्यालाच मी विश्वास म्हणतो. देव सगळं निस्तरेल म्हणून हातपाय गाळून पडणं हा विश्वास नव्हे, आणि दादाची पक्की समजूत आहे की मी तेच म्हणतो.

पुढे एक टिपर मिळेल त्या किमतीला विकला, दुसऱ्यावर खडीची भाडी मारली. एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून, त्यामुळे पूर्वीसारख्या ट्रिपा पुन्हा मिळाल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून खाणी परत बंद. तेव्हाही पोटात गोळा आला, पण झोप गेली नाही. या खेपेला काय द्यायचंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा जप सोडू नका. कुठला मंत्र, किती वेळा, यात मी पडत नाही. पण घरी जे लपवून ठेवलं असेल ते देवापुढे मोठ्याने, आकड्यासकट बोला, आणि जमलं तर घरच्या माणसाला शेजारी उभं करून. मनातल्या मनात सांगितलेलं मला तरी पुरलं नाही.

एक गोष्ट खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवी होती. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर देवळाची वाट धरण्याआधी डॉक्टरांची धरा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. गोव्यात असाल तर बांबोळीला मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ आहे. गोळी घेतली म्हणून रवळनाथ रागावत नाही.

आणि देवळात जाणार असाल तर आडवारी जा. सणावाराला पुजाऱ्याला आकडा विचारायला सवड नसते.