जॉबकार्डवर सही करण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गाडीच्या दुरुस्तीचं सर्व्हिस सेंटरने दिलेलं जे एस्टिमेट तू पाठवलंस, ते दोनदा वाचलं. 1 लाख 84 हजारांचा आकडा पाहून पोटात गोळा येणं साहजिक आहे. "काका, ही गाडी घेऊन चूक झाली का?" असं तू फोनवर विचारलंस. चूक झालेली नाही. भोसरीत दोन मशिनांवर सुरुवात करून स्वतःच्या कमाईतून तू ती दारात आणलीस, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. फक्त गाडी घेण्याचा हिशेब वेगळा आणि ठेवण्याचा वेगळा. तो दुसरा हिशेब तुला कोणी समजावून सांगितला नाही, म्हणून हे पत्र.

नवी असताना ही गाडी 70 लाखांच्या घरात होती. साडेचार वर्षांनी तुला ती 31 लाखांत मिळाली. किंमत उतरली ती गाडीची. तिच्या ब्रेक डिस्कची, हेडलाइटची, लोअर आर्मची (चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याची) किंमत जिथल्या तिथे आहे. म्हणजे घेताना ती 31 लाखांची, पण सांभाळताना पूर्ण 70 लाखांची. हे एकदा मनात पक्कं बसलं की बिलांचा धक्का बसत नाही. दरमहा 15 हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकत जा, गाडीचा काहीही खर्च नसलेल्या महिन्यातसुद्धा. चार टायर एकदम लागतात, बॅटरी सांगून जात नाही.

आता मुद्द्याचं. एस्टिमेटसोबत तू जॉबकार्डचा, म्हणजे सर्व्हिस सेंटर ज्यावर तक्रार आणि काम लिहून घेतं त्या कागदाचा, फोटो पाठवलास, तो मी मोठा करून पाहिला. तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: 'व्हायब्रेशन चेक'. त्या दोन शब्दांवर चारही डिस्क, चारही चाकांचे पॅड आणि पुढचे दोन्ही लोअर आर्म सुचवले गेले. ते कार्ड लिहिणाऱ्या मुलावर मला राग नाही. त्याच्यापर्यंत जेवढं पोचलं तेवढंच त्याने लिहिलं.

मी हे माझ्या गाडीवर शिकलो. डिसेंबरची सकाळ, सोसायटीच्या गेटपाशी रस्त्याच्या कडेचा उंचवटा, आणि पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक्'. कोरडा आवाज, पाटावर लाटणं आपटावं तसा. पुढच्या वळणावर पुन्हा एकदा. दहा-बारा किलोमीटर गाडी चालली की आवाज गायब. मी सर्व्हिस सेंटरला गेलो आणि म्हणालो, "सस्पेन्शनमधून आवाज येतोय." त्यांनी तेच लिहून घेतलं. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून परत, शेरा: आवाज आढळला नाही. असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर बदलायचं एस्टिमेट हातात पडलं, 1 लाख 40 हजारांच्या वरचं.

त्या रात्री बसून विचार केला. गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत तापलेली असायची, आवाज बंद झालेला असायचा. त्यांना तो ऐकू येणार कुठून? मग गाडी संध्याकाळी नेऊन रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी साडेसातला स्वतः हजर झालो आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या टेक्निशियनला शेजारी बसवलं. गेटबाहेर डावं चाक तेवढं एका उंचवट्यावर चढवलं. तो लगेच म्हणाला, "आला, साहेब." गाडी लिफ्टवर गेली. त्याने टॉमी (लोखंडी दांडा) लावून अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडी कलू न देणारी सळई, हलवला आणि मला खाली बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवलं. बारला धरून ठेवणारं रबरी बुश आतून अंडाकार झिजलं होतं. थंडीत रबर कडक झालं की बार त्यात आपटायचा, रबर तापून मऊ झालं की आवाज दबायचा. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, बिल साडेसहा हजार. शॉक अॅब्सॉर्बर पुढे आणखी तीन वर्षं चालले.

म्हणून तक्रार सांगताना कुठला भाग गेला असेल ते सांगू नकोस. काय होतं ते सांग. माझं वाक्य असं हवं होतं: 'गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये, पुढच्या डाव्या बाजूला, एकच चाक उंचवट्यावर चढलं की टक् असा एक आवाज.' 'एकच चाक' हे त्यातले मोलाचे शब्द. अँटी-रोल बारवर ताण येतो तो एक चाक वर आणि दुसरं खाली असताना. जाणकार माणूस एवढं वाचूनच अर्ध्या वाटेवर पोचतो.

तुझ्या थरथरीचंही तसंच. ब्रेक लावल्यावरच थरथरते का? आणि ती स्टिअरिंगमध्ये जाणवते की सीटखाली? ब्रेक लावताना स्टिअरिंग हललं तर संशय पुढच्या डिस्कवर, सीट थरथरली तर मागच्या. ब्रेकला पाय न लावता विशिष्ट वेगावर थरथर सुरू होत असेल, तर आधी चाकं बघायची. एवढ्या कमी उंचीच्या टायरला आपल्या रस्त्यांवरचे खड्डे सोसत नाहीत, रिम आतल्या बाजूने वाकतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं की पाच मिनिटांत उघड होतं. हे न बघता डिस्क बदलल्या, तर पैसे जातील आणि थरथर राहील.

तू टूलरूमचा माणूस आहेस, मोजमापाची भाषा तुला कळते. ती तिथे वापर. 'पॅड 70 टक्के गेलेत' असं कोणी म्हणालं तर विचार, किती मिलिमीटर उरलेत? डिस्कची किमान जाडी किती असावी तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. जाडी मोजून जॉबकार्डवर लिहून द्या म्हण. टायरच्या कडेला 'DOT' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 3521 म्हणजे 2021 सालचा पस्तिसावा आठवडा. तुझे टायर गाडीच्याच वयाचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, रबर म्हातारं झालं. ते बदलावे लागतीलच.

एस्टिमेटमधलं इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग काढून टाकायला सांग. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात जे काम नाही, ते ठोस कारण दाखवल्याशिवाय करायचं नाही. पुस्तकात इंजिन ऑइलचा दर्जा दिलेला असतो, तोच बिलावर लिहून घे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचंच, त्यात काटकसर नको. ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाट उतरताना तापून दगा देतं.

एक गोष्ट मात्र एस्टिमेटमध्ये नाही आणि ती तू स्वतः मागायची आहेस. तुझ्या गाडीत झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑइल 'आयुष्यभराचं आहे, बदलावं लागत नाही' असं तुला काउंटरवर सांगतील. खुद्द झेडएफ कंपनी मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षं, यात ते बदलायला सांगते. तुझे 62 हजार झालेत. 80 हजारांना करून घे. गिअरबॉक्स गेला तर आज हातात आहे ते एस्टिमेट किरकोळ वाटेल.

बॅटरीचंही लक्षात ठेव. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं. नाहीतर तो जुनी बॅटरी धरूनच चार्जिंग करत राहतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅटरी आणून बसवलीस तर हे राहून जाईल. आणि बॅटरी अशक्त झाली की डॅशबोर्डवर भलभलत्या सूचना उमटतात. त्यामुळे एकदम चार-पाच दिवे लागले तर घाबरून जाऊ नकोस, आधी बॅटरी तपासायला सांग. स्कॅन केल्यावर निघालेल्या फॉल्ट कोडची प्रत प्रत्येक वेळी माग आणि जपून ठेव.

काउंटरवरच्या माणसांशी कसं वागायचं हेही विचारलं होतंस. काउंटरवर तक्रार लिहून घेणाऱ्या सर्व्हिस अॅडव्हायझरवर आवाज चढवू नकोस. त्याच्या डोक्यावर विक्रीचं टार्गेट असतं, समोर गाड्यांची रांग असते, आणि गाडीला हात तो लावत नाही. शनिवारी जाऊच नकोस, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. नमस्कार कर, पाच मिनिटं माग, आणि तक्रार घरून टाइप करून नेलेली दे. 'हे जसंच्या तसं जॉबकार्डवर घ्या' एवढं शांतपणे म्हण. तेवढं होईपर्यंत सही नाही. किलोमीटरचा आकडा आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो तिथेच काढ. 'मला विचारल्याशिवाय जादा काम नाही' आणि 'बदललेले जुने भाग डिकीत ठेवावेत' ही दोन वाक्यंही कार्डावर हवीत. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, तो मिळणार नाही. पण ज्याचे पैसे तू मोजलेस तो भाग बघायचा तुला हक्क आहे. टेक्निशियनला भेटता येतं का, हे दरवेळी विचार. चांगलं काम केलं तर त्याचं नाव घेऊन कौतुक कर आणि पुढच्या वेळी तोच मिळावा म्हणून सांग. दहापैकी दहा गुण द्या असा फोन येतो, तो मनावर घे. त्या गुणांवर त्या मुलांचं बरंच काही अवलंबून असतं. पण गुण दोन दिवस गाडी चालवून झाल्यावर दे.

घरी आल्यावर एक छोटी ईमेल: आज अमुक तक्रार दिली, अमुक काम झालं, अमुक बाकी आहे. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. हीच ईमेल वर्षभराने तुझ्या बाजूने उभी राहते. प्रकरण अगदीच हाताबाहेर गेलं तर आधी सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचं मुख्य कार्यालय, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असलेली प्रकरणं चालतात आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. गाडी फर्मच्या नाही, तुझ्या स्वतःच्या नावावर आहे हे बरं झालं, नाहीतर व्यावसायिक वापराचा वाद निघतो. पण तिथवर जायची वेळ बहुतेक येत नाही, कागद चोख असेल तर गोष्टी काउंटरवरच मिटतात.

'बाहेरच्या गॅरेजला हात लावू दिलात तर वॉरंटी जाईल' असं तुला सांगितलं गेलं. तुझी वाढीव वॉरंटी अजून सात महिने आहे, तोवर मोठं काम तिथेच करून घे, असा माझाही सल्ला आहे. पण भीतीपोटी नको. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हे त्यामागचं कारण. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, पण तो विचार मला पटतो. वॉरंटी संपल्यावर ब्रेक, सस्पेन्शन, एसी यासाठी एखादा भरवशाचा स्वतंत्र गॅरेजवाला धर. सॉफ्टवेअर, एअरबॅग आणि कंपनीने परत बोलावलेल्या दोषांची कामं मात्र अधिकृत ठिकाणीच. तुझ्या चासी नंबरवर असं काही बाकी आहे का ते याच भेटीत विचार, ते फुकट असतं.

पावसाळ्याआधी विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कलम आहे ना ते बघून घे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायची नाही, एकदाही नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. फ्लॅटबेडवर उचलूनच न्यायची.

एस्टिमेटला अजून होकार देऊ नकोस. शनिवारी सकाळी सहाला गाडी घेऊन ये. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने वडगावपर्यंत जाऊ. तू चालव, मी शेजारी वही घेऊन बसतो. आधी ब्रेकला पाय न लावता 80 ते 90 च्या वेगावर बघू, मग मागे कोणी नसताना हलका ब्रेक लावून. परत आल्यावर चाकं गार होऊ दे, डिस्क मोजू. मायक्रोमीटर माझ्याकडे आहे, तू फक्त व्हील बोल्टचं लॉक उघडायचं सॉकेट डिकीत आहे का ते आजच बघून ठेव. ते हरवलेलं असेल तर चाकच निघणार नाही.

काकूने नाश्त्याला थांबायला सांगितलंय.

तुझा,
काका