झोपडीतला पहिला तास

प्रिय मित्रा,

डोंगरावरच्या झोपडीत पहिल्यांदाच मुक्काम करायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. तू सामानाची यादी मागितली आहेस. ती कुठेही मिळेल. मला बोलायचंय ते झोपडीत पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल, कारण रात्र कशी जाणार हे बहुतेक तेव्हाच ठरतं.

तो तास उजेडात मिळायला हवा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचं, असा हिशेब धरूनच सकाळी लवकर नीघ. अंधारात पाण्याची जागा सापडत नाही आणि गळकं छप्परही दिसत नाही.

पोहोचलास की सॅक टाकून बसू नकोस. मी एकदा बसलो होतो. चढून अंग तापलेलं, थंडी जाणवतच नव्हती. घामाने भिजलेल्या कपड्यांत तासभर गप्पा मारल्या. ऊन गेलं आणि अशी हुडहुडी भरली की बोटांना बुटाच्या नाड्या सुटेनात. स्लीपिंग बॅगेत शिरलो, पण पहाटेपर्यंत ऊब आली नाही. बॅग आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते, स्वतःची तिच्याकडे काहीच नसते. म्हणून आधी कोरडे कपडे, कोरडे मोजे, टोपी. पाणी, चूल, फोटो सगळं त्यानंतर. दर १००० मीटर चढलं की हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते, हे घरी सामान भरतानाच लक्षात ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून आत स्टोव्ह पेटवायचा मोह होईल. कृपा करून तसं करू नकोस. हवा पुरेशी नसली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि थकलेल्या माणसाला ती झोपच वाटते. स्टोव्ह बाहेर आडोशाला पेटव. ऊब मिळावी म्हणून तो रात्रभर जळत ठेवणं तर कधीच नको.

झोपडी ३००० मीटरच्या वर असेल तर डोकेदुखीचं आणखी एक कारण संभवतं: उंची. तिथून पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. त्रास वाढत गेला, चालताना तोल जायला लागला, तर उजाडायची वाट न बघता सोबत्याला घेऊन खाली उतर.

बाकीचं थोडक्यात. खाणं उंदरांपासून वाचवायला दोरीने टांगून ठेव. टॉर्च उशाशी आणि फोन स्लीपिंग बॅगेत, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. पहाटे निघायचं असेल तर सॅक रात्रीच भर. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खसखस इतरांची झोप मोडते, आणि तिथे प्रत्येकजण दमलेला असतो.

झोपडीत नोंदवही असली तर नाव, वेळ आणि पुढची वाट लिही. कुणी हरवलं तर शोधणारे आधी तीच उघडतात. वापरलीस तेवढी लाकडं निघताना परत रचून ठेव. तुझ्यानंतर येणारा कदाचित भिजलेला असेल.

निघण्याआधी वाट आणि परतीची वेळ मला लिहून पाठव. त्या संध्याकाळी मी फोनजवळच असेन.

तुझा,
दादा