चार मित्रांच्या गाडीमागे एक अनोळखी गाडी लागते अशी पटकथा लिहितोय. सगळ्यांकडे मोबाइल असताना हे कुणाला पटेल का? आणि मागच्या गाडीत कोण आहे ते शेवटी दाखवावं का?

पटेल. फक्त 'रेंज नाही' असं दाखवून मोकळे होऊ नका. स्क्रीनवरच्या दांड्या गायब झाल्या की प्रेक्षकाला कळतं, लेखकाला फोनची कटकट नको होती. आमच्या मागे गाडी लागली तेव्हा चौघांच्याही फोनला पूर्ण रेंज होती, आणि तरीही बराच वेळ कुणी फोन लावला नाही.

कारण सांगायचं काय? 'आमच्या मागे एक गाडी आहे'? रस्त्यावर प्रत्येकाच्याच मागे गाडी असते. तिने धडक दिलेली नसते, काच फोडलेली नसते, कुणी शिवीसुद्धा दिलेली नसते. आत बसलेल्याचा जीव घशाशी आलेला असतो, पण तेच तोंडाने सांगायला गेलं की फुसकं वाटतं. त्यात गाडीत मित्र असले की आणखी अवघड होतं, कारण 'मला भीती वाटतेय' हे पहिल्यांदा कोण म्हणणार?

दुपदरी रस्ता होता, मध्ये दुभाजक नाही, रात्रीची वेळ. आमच्या मित्राने एका गाडीला ओव्हरटेक केलं. हॉर्न दिला, साइड मिळाली, पुढे गेलो, इतकं साधं. थोड्या वेळाने तीच गाडी अप्पर लावून आमच्या मागे चिकटली. मी मागच्या सीटवर होते. त्या उजेडाने आमच्याच डोक्यांच्या सावल्या पुढे डॅशबोर्डवर पडल्या होत्या आणि खड्डा आला की त्या हलायच्या. पुढे बसलेल्या मैत्रिणीने आरशाखालची कळ ओढून आरसा रात्रीचा केला. मित्राने वेग कमी केला, खिडकीतून हात काढून 'जा पुढे' अशी खूणही केली. तोही हळू झाला. आम्ही चाळीसवर, तोही चाळीसवर, अंतर तेवढंच. मग एकदम तो पुढे गेला. सुटलो म्हणेपर्यंत त्याने बरोबर आमच्या समोर येऊन कचकन ब्रेक मारला, आम्ही कसेबसे बाजूने निघालो, आणि तो परत मागे. त्याचा एक दिवा पिवळट होता आणि दुसरा पांढराफटक. प्रत्येक वळणानंतर मी मागे वळून आधी तेवढंच बघत होते.

मित्राने मग पाय दाबला. सिनेमात इथे संगीत वाढतं, पण खरा धोका इथेच असतो आणि तो फार कमी वेळा नीट दाखवला जातो. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. डिप्परवर समोरचा रस्ता नीट दिसतो तो साधारण 50-60 मीटर. म्हणजे तुमच्या हातात दोन सेकंद, आणि तेवढ्यात शंभरवरची गाडी थांबत नाही. मागच्याला मात्र तुमचे लाल दिवे दिसत असतात. वळण कुठे आहे, खड्डा कुठे आहे, हे त्याला तुमच्याकडून आयतं कळतं. पळणारा आंधळा आणि मागे येणारा डोळस, हा फरक तुम्ही पडद्यावर आणलात तर दहा स्टंटची गरज पडणार नाही.

शेवटी मैत्रिणीने फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, 'तुम्ही कुठे आहात?' चौघांपैकी एकालाही सांगता येईना. मॅप उघडला तर एका रिकाम्या रेषेवर निळा ठिपका. मग सगळे खिडकीला नाक लावून किलोमीटरचा दगड शोधायला लागलो, आणि शंभरच्या वेगात त्या दगडावरचा आकडा वाचता येत नाही. तुमच्या पटकथेत फोन लागू द्या, समोरचा माणूस चांगला असू द्या, मदत करायला तयार असू द्या. तरी प्रसंग सुटत नाही.

जुन्यांनीही हे ओळखलं होतं. स्टीव्हन स्पीलबर्गने 1971 मध्ये, वयाच्या 24व्या वर्षी, टीव्हीसाठी 'ड्युएल' केला, त्यात एका साध्या माणसाच्या मागे एक ट्रक लागतो. तो माणूस पोलिसांना फोन करतो. फोनवर बोलत असतानाच ट्रक सरळ बूथवर येतो आणि बूथचा चक्काचूर होतो. फोनचा प्रश्न न टाळता तिथेच भय उभं केलंय. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, हात दिसतो, बूट दिसतात. एका खानावळीत नायक काउंटरला बसलेल्या माणसांचे बूट बघत बसतो, यातला तो कोण? मला त्या सिनेमातला सगळ्यात भीतिदायक भाग तोच वाटतो आणि तिथे एकही चाक फिरत नाही. ही कथा लिहिणाऱ्या रिचर्ड मॅथेसनच्या स्वतःच्या मागे ट्रक लागला होता, 22 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, तो मित्राबरोबर गोल्फ खेळून परत येत असताना. ज्याने ते आरशात पाहिलंय त्यालाच सुचेल अशी ती गोष्ट आहे.

म्हणून चेहरा दाखवू नका. चेहरा दाखवला की कारण द्यावं लागतं, जुना सूड वगैरे, आणि कारण कळलं की भीती संपते.

त्याऐवजी गाडीच्या आतलं भांडण लिहा. आमचा मित्र म्हणाला, 'थांबवतो. उतरून विचारतो, काय प्रॉब्लेम आहे तुझा.' मी म्हणाले, गाडी थांबवायची नाही, दिवे आणि माणसं दिसेपर्यंत चालव. तो म्हणाला, 'तू घाबरलीयेस म्हणून आपण पळायचं का?' हो, म्हणूनच पळायचं. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला राग आधी येतो आणि त्याला तो राग धाडस वाटतो. पण तो एकटा उतरणार नव्हता, उघडं दार आणि आत बसलेले तिघं मागे ठेवून उतरणार होता. हे मी त्याला मोठ्याने सांगितलं, मैत्रिणीने मला साथ दिली, आणि तो चालवत राहिला. पुढे पेट्रोलपंप लागला, तिथे भरपूर उजेड होता, दोन ट्रक उभे होते. आम्ही आत वळलो. ती गाडी समोर रस्त्याच्या कडेला थांबली, इंजिन चालू, दिवे चालू. कुणी उतरलं नाही. मग ती निघून गेली.

तेव्हापासून मित्र चारचौघांत ही गोष्ट सांगतो आणि शेवटी म्हणतो, 'काही नव्हतं हो, ही उगाच घाबरली होती.' पुरावा काय, तर काही झालं नाही. अरे, थांबलो नाही म्हणून झालं नाही! हा वाद मी सोडणार नाही. तुमच्या चार पात्रांत असा एक जण ठेवाच, पण कृपा करून शेवटी त्याला बरोबर ठरवू नका.

एक गोष्ट राहिली. मागे येणारी प्रत्येक गाडी पाठलाग करत नसते. अनोळखी रस्त्यावर रात्री एकटा चालवणारा माणूस मुद्दाम पुढच्या गाडीच्या मागे राहतो, पुढच्याच्या दिव्यांवर रस्ता कळतो म्हणून. मित्राचाही हाच मुद्दा असतो आणि तो एरवी खरा आहे. तुमच्या प्रेक्षकालाही पहिली दहा मिनिटं तसंच वाटलं पाहिजे. पण पुढे येऊन ब्रेक मारणारा आणि परत मागे जाणारा माणूस दिव्यांसाठी मागे राहिलेला नसतो. हे वाक्य गाडीतल्या कुणाच्या तरी तोंडी घाला, शक्यतो मागच्या सीटवरच्या.