दूध थांबलंय, पंप थांबवू नका

प्रश्न : माझं बाळ २९व्या आठवड्यात झालं, वजन ११०० ग्रॅम. पंधराव्या दिवशी पोट फुगलं, नाकातल्या नळीतून हिरवं पाणी आलं, शीमध्ये रक्त दिसलं. ‘एनईसी’, म्हणजे आतडं सुजून त्याचा काही भाग मरू लागण्याचा आजार, आहे म्हणून दूध बंद केलंय. मला दूध कमी होतं, म्हणून आधी दोन दिवस पावडरचं दिलं होतं. त्यानेच झालं का? सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला दूध द्यायलाच नको होतं.

उत्तर : ताई, सासूबाईंची काळजी खरी, पण तसं नाही. पूर्वी आम्ही डॉक्टरही भीतीपोटी अशा बाळांना दिवसच्या दिवस उपाशी ठेवायचो. त्याने हा आजार टळत नाही. उलट रिकामं आतडं आणखी दुबळं होतं. म्हणून आता पहिल्या दिवसांतच आईचा चीक थेंबाथेंबाने सुरू करतात.

मूळ दोष आतड्याच्या कच्चेपणाचा. अस्तर झिरपतं, हालचाल मंद, आणि वस्तीला येतात ते बरेचदा हॉस्पिटलमधले जंतू. त्यांच्यावर कच्चं आतडं नको तितकं खवळतं, सुजतं, रक्त पोचेनासं होतं आणि तेवढा भाग मरू लागतो. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत शिरलेली हवा दिसते ती यामुळेच.

पावडरबद्दल खोटा दिलासा देणार नाही. ब्रिटनमधल्या १९९० सालच्या अभ्यासात, फक्त पावडरच्या दुधावरच्या अकाली बाळांत हा आजार फक्त आईच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहा पट दिसला. पण आईच्याच दुधावरच्या बाळांनाही तो होतो, मी स्वतः पाहिलाय. तुमच्या त्या दोन दिवसांवर बोट ठेवून ‘यानेच’ असं कुणालाच म्हणता येणार नाही. पुढे दूध कमी पडलं, तर दुग्धपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं, पाश्चराइज्ड दूध मिळेल का, हे मात्र आधी विचारा.

आत्ता दर तीन तासांनी दूध काढत राहा, रात्रीही, आणि तारीख घालून गोठवून ठेवा. बाळाचं दूध पुन्हा सुरू होईल तेव्हा तेच लागेल. पंप सोडलात तर आटेल. अँटिबायोटिक किती दिवस, अ‍ॅसिडिटीचं औषध खरंच हवं का, हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा. दोन्हींचा गरजेबाहेर वापर या आजाराचा धोका वाढवतो. प्रोबायोटिकची (उपयोगी म्हणून देतात त्या जिवंत जंतूंची) पुडी मात्र स्वतःच्या मनाने आणू नका. इतक्या लहान बाळात त्यातलाच जंतू क्वचित रक्तात उतरतो.

आणि एक. बाळ बरं होऊन घरी आल्यावर काही आठवड्यांनी पोट पुन्हा फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. भरलेल्या जखमेपाशी आतडं आक्रसून वाट अरुंद झालेली असू शकते.