बार्थच्या आधी हार्नाक वाचा
उदारमतवादी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, म्हणजे आधुनिक विचारांच्या आणि इतिहासाच्या कसोटीवर ख्रिस्ती श्रद्धा मांडणाऱ्या प्रवाहाचा, अभ्यास सुरू करताय ना, मग एकदम टीकाकारांना हात घालू नका. आधी या प्रवाहातले जर्मन धर्मशास्त्रज्ञ आडॉल्फ फॉन हार्नाक वाचा. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात त्यांनी दिलेली आणि पुढे पुस्तकरूपात आलेली १६ व्याख्यानं सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी होती, त्यामुळे ती जड जात नाहीत. देव पिता आहे, माणसाच्या आत्म्याचं मोल अमर्याद आहे, हे ते किती जिव्हाळ्याने सांगतात! मला ती पानं आजही भिडतात. मग १९१४ कडे या. जर्मनीच्या युद्धाची बाजू घेणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर हार्नाक यांचीही सही होती, आणि या प्रवाहाचे पुढचे मोठे टीकाकार, स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ, त्यांचेच विद्यार्थी. गुरूची ती सही पाहून शिष्याला बसलेला धक्का मनात ठेवून बार्थ यांचं बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं भाष्य उघडा. १९२२ ची दुसरी आवृत्तीच घ्या. उदारमतवादाचे अमेरिकेतले टीकाकार मेचन नंतर वाचलेत तरी चालेल.