स्वस्तातला ॲम्प, पण ऐकून

प्रश्न: इलेक्ट्रिक गिटार नवीनच शिकतोय, घरी वाजवायला स्वस्तातला ॲम्प (ॲम्प्लिफायर) हवाय, १० वॅटचा घेऊ की २० चा?

उत्तर: अरे वॅटच्या मागे लागू नकोस, १० चे २० झाले तरी आवाजात फरक जेमतेम ३ डेसिबलचा, त्यापेक्षा स्पीकर बघ, ८ इंची मिळाला तर उत्तमच. आणि दुकानात स्वतःचीच गिटार घेऊन जा. गेन (आवाज किती फाटवायचा ते ठरवणारं बटण) अगदी कमी, बास-मिडल-ट्रेबल मधोमध ठेव आणि घरी जेवढ्या आवाजात वाजवणार तेवढ्यातच आधी क्लीन टोन, म्हणजे न फाटलेला आवाज ऐक, डिस्टॉर्शनखाली, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाखाली, सगळं लपतं. मग गेन वाढवून गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरव, टोन साफ व्हायला हवा, नुसताच बारीक होत असेल तर मी तरी तो घेणार नाही. हेडफोनही लावून बघ हं, काहींत फार किरकिरा आवाज येतो.